गाओबाईंचं चौथं वाक्य

न्यूयॉर्कजवळच्या एडिसन गावातल्या त्या दोन बेडरूमच्या भाड्याच्या घरात आई कधी माणसांवर रागावल्याचं मला आठवत नाही. ती चिडायची ती वस्तूंवर. फोडणी पडली रे पडली की छतावरचा स्मोक अलार्म बोंबलायला लागायचा, मग बाबा वर्तमानपत्राची घडी घेऊन खुर्चीवर चढायचे आणि त्याला वारा घालायचे, आणि आई खालून त्या अलार्मला अमरावतीच्या भाषेत जे सुनावायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. हिटरच्या पाइपांवर तिचा असाच राग होता. थंडीत ते भिंतीतून दिवसभर टकटक करत, आणि ती म्हणायची, दार उघडावं तर बाहेर कुणी नसतं. पण बाबांवर, माझ्यावर, शेजाऱ्यांवर कधी आवाज चढला नाही. अमरावतीच्या मुलींच्या कॉलेजात तिनं नऊ वर्षं इंग्रजी शिकवलं होतं, आणि तिथल्या तिच्या धाकाच्या गोष्टी मावशी फोनवर रंगवून सांगायची. तो धाक सामान बांधताना तिथंच राहिला, असं बाबा गमतीनं म्हणत. मलाही ते पटायचं. सोळाव्या वर्षी आईबापांबद्दल जे सोयीचं असतं तेच आपल्याला खरं वाटतं.

बाबांच्या व्हिसावर आम्ही दोघी आलो होतो, आणि त्या व्हिसावर आईला नोकरी करायला बंदी होती. बाबा सकाळी गाडीनं स्टेशनवर आणि तिथून ट्रेननं न्यूयॉर्कला जायचे, मी पिवळ्या बसनं शाळेत. आईचा स्वयंपाक दहाच्या आत उरकायचा. पुढचा दिवस तिनं कसा काढला हे मी तिला तेव्हा विचारलं नाही आणि पुढंही नाही. ओक ट्री रोडवरच्या भारतीय दुकानातून आणलेलं ज्वारीचं पीठ बहुतेक वेळा जुनं, कडसर निघायचं, तरी दर रविवारी ती भाकरी थापायची. सोबत वांग्याची भाजी, मिरचीचा ठेचा. भाकरी तव्यावर फुगली की ती मला हाक मारून दाखवायची. मी 'नाइस' म्हणून पुन्हा खोलीत जायचे. आईशी मी तेव्हा इंग्रजीतच बोलत असे. ती मराठीत विचारायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे, आणि यात काही वावगं आहे असं आमच्यापैकी कुणाला वाटत नव्हतं. निदान मला तरी नव्हतं.

कॉलेजानं तिची बिनपगारी रजा पाच वर्षं वाढवत नेली होती. त्या हिवाळ्यात पत्र आलं की आता जूनमध्ये रुजू व्हा नाहीतर राजीनामा पाठवा. आईनं ते जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवलं. वाचताना तिचा आवाज थोडा वेगळा लागला, जरा तरुण. बाबांचं ग्रीन कार्डाचं काम चालू होतं, त्यांना इथून हलता येणार नव्हतं. आई गेली असती तर मला घेऊनच गेली असती. बाबा म्हणाले, तुम्ही दोघी ठरवा, माझी कशालाच ना नाही. बाबांचा हा चांगुलपणा मला फार वर्षं चांगुलपणाच वाटत होता. मी म्हणाले की मी परत जाणार नाही, तुला जायचं तर तू जा. हे मी इंग्रजीत म्हणाले, ताटातून मान वर न करता. आई हसली. "बरं," म्हणाली, "भातावर तूप घे." आणि पत्र घडी करून फ्रिजवरच्या टोपलीत ठेवून दिलं. माझ्या दृष्टीनं विषय संपला. त्या आठवड्यात मी शाळेच्या बँडमध्ये दुसऱ्या रांगेतून पहिल्या रांगेत आले होते आणि माझं सगळं लक्ष तिथं होतं.

आईचा वर्ग त्याआधी वर्षभर सुरू झाला होता, तोही आमच्या कॉम्प्लेक्सच्या कपडे धुण्याच्या खोलीत. तिथं मशीन संपेपर्यंत बाकावर बसून राहणाऱ्या बायकांत निम्म्याहून अधिक चिनी आज्या असायच्या. मुलानं किंवा मुलीनं नातवंडं सांभाळायला बोलावून घेतलेल्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आईला चिनी येत नव्हतं, आणि तरी कुठल्या मशीनचं झाकण अडकतं यावर त्यांच्या लांबलचक चर्चा होत. त्यातल्या गाओबाई आपल्या गावी शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. त्या शिक्षिका होत्या हे कळल्यापासून आई त्यांना बाई म्हणायला लागली, आणि 'बाई' म्हणजे काय हे समजल्यावर गाओबाईही आईला बाई म्हणू लागल्या. उंच, सरळ पाठीच्या, केस कानाशी कापलेले. त्यांनीच खाणाखुणा करून आईला विचारलं, आम्हाला शिकवशील का? मग जवळच्या वाचनालयाची तळघरातली खोली मिळाली, दर शनिवारी सकाळी दोन तास, फुकट. आठ-नऊ जणी यायच्या. मी फळा पुसायला, कागद वाटायला जायचे, कारण कॉलेजच्या अर्जात समाजसेवेचे तास दाखवावे लागतात.

आईची शिकवायची एक पद्धत होती, अमरावतीहून आणलेली. पुस्तकातली उदाहरणं कुणाच्या लक्षात राहत नाहीत, स्वतःचं खरं वाक्य राहतं, असं तिचं म्हणणं. म्हणून नवा शब्द शिकवला की प्रत्येकीनं त्या शब्दाचं एक खरं वाक्य चिठ्ठीवर लिहायचं, मोठ्या छापील अक्षरांत, म्हणजे हस्ताक्षर कळू नये. नाव घालायचं नाही. चिठ्ठ्या श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या. आई डबा हलवून एकेक चिठ्ठी वाचायची, फळ्यावर वाक्य दुरुस्त करायची, आणि चिठ्ठी तिथंच फाडून टाकायची. खोलीत जे वाचलं ते खोलीतच राहायचं. त्या बायकांना हे फार आवडायचं. घरी ज्यांना कुणी काही विचारत नसे, त्या इथं बसून दहा-दहा मिनिटं एक वाक्य लिहीत. आई स्वतःही एक चिठ्ठी टाकायची. मी तुमचं खरं ऐकणार आणि माझं सांगणार नाही, हे बरं दिसत नाही, म्हणायची. मी मात्र कधी टाकली नाही.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी एक बाई शब्दकोश घेऊन आल्या. त्यांच्या भाषेतला एक शब्द काढला तर समोर इंग्रजी शब्दांची रांगच उभी, आणि सगळ्यांचा अर्थ राग. यातला कुठला केव्हा वापरायचा? आईला असे प्रश्न आले की तिच्या चेहऱ्यावर ऊन पडायचं. तिनं फळ्यावर एक जिना काढला. खालच्या पायरीवर डिसलाइक, मग रिझेंट, मग ग्रज, मग हेट, सर्वांत वर किळस येण्याइतका राग, लोद. बायका आपापसांत बोलून प्रत्येक पायरीवर आपला शब्द बसवायला लागल्या. डिसलाइकला 'थाओयेन' लगेच जमला, हेटला 'हन' जमला. रिझेंटपाशी गाडी अडली. कुणी 'युआन' म्हणालं, कुणी मान हलवली. आई मराठीतही शोधत होती, मला तिचे ओठ हलताना दिसत होते. आकस म्हणावं तर त्यात दुष्टपणा येतो, सल म्हणावा तर त्यात समोरचा माणूसच नसतो. शेवटी तिनं सांगितलं की हेट कुणाचाही करता येतो, न पाहिलेल्या माणसाचासुद्धा. रिझेंट करायला आपलंच माणूस लागतं. त्यानं दुखावलं, आपण बोललो नाही, आणि त्याला जेवू वाढत राहिलो, ते रिझेंट. मग सगळ्याजणी लिहायला बसल्या, आणि त्या दिवशी लिहायला फार वेळ लागला. इतका, की खोलीचं पुढचं बुकिंग असलेले लोक दारात येऊन उभे राहिले. चिठ्ठ्या वाचायच्या राहून गेल्या. पुढच्या शनिवारी वाचू म्हणून आईनं डबा तसाच पिशवीत टाकून घरी आणला.

आता मी जे केलं ते. शाळेच्या समुपदेशक बाईंनी मला सांगितलं होतं की नुसते तास पुरत नाहीत, तुझ्या स्वतःच्या पुढाकारानं काय केलंस ते दाखव. शनिवारी दुपारी आई झोपली असताना मी डबा उघडला, चिठ्ठ्या बाहेर काढल्या आणि कॉम्प्युटरवर त्यांचा एक छान स्वाध्याय तयार केला. वर जिन्याचं चित्र, खाली क्रमांक घालून वाक्यं. व्याकरण सुधारलं. वाक्यं वाचताना मला काही वाटलं का? वाटलं. सातव्या वाक्यात कुणी तरी लिहिलं होतं की माझी मुलगी म्हणाली मी परत येणार नाही, मी हसले, पण मी तिला रिझेंट करते. ते टाइप करताना मनात आलं, काय मुलगी असेल. एवढंच. मग एक अडचण दिसली. जवळजवळ सगळ्यांनी रिझेंटच लिहिलं होतं. हेटच्या पायरीसमोर एकही वाक्य नव्हतं आणि पान अर्धवट दिसत होतं. चौथं वाक्य असं होतं की सून नातवाला सांगते आजीच्या हातचं खाऊ नकोस, तिचे हात स्वच्छ नसतात, म्हणून मी सुनेला रिझेंट करते. सगळ्यांत जास्त राग याच वाक्यात आहे असं मला वाटलं. मी रिझेंट खोडून तिथं हेट घातलं. पान भरलं. रविवारी सकाळी लायब्ररीत जाऊन प्रती काढल्या आणि सगळ्यांच्या दारांखालून सरकवून आले. आईला चकित करायचं होतं, हेही तितकंच खरं.

माझा नातू आता फोन समोर धरतो आणि फोन कुठल्याही भाषेतलं कुठल्याही भाषेत बोलून दाखवतो. त्याला मी एकदा ही गोष्ट सांगायला घेतली. तो म्हणाला, पण आजी, टू वर्ड्स, सेम थिंग ना. कॅरी गावातल्या माझ्या या मोठ्या, शांत घरात बसून मी फरक सांगायचा सोडून विषय बदलला.

रविवारी दुपारी जेवताना मी ते पान आईच्या ताटाशेजारी ठेवलं. तिनं भाकरीचा तुकडा मोडला होता, तो तसाच हातात राहिला. तिनं पान वरपासून खालपर्यंत वाचलं. मग विचारलं, "किती जणींकडे टाकलंस?" मी सांगितलं, सगळ्यांकडे. ती उठली, हात धुतला, स्वेटरवर कोट चढवला आणि म्हणाली, "चल, दारं दाखव." तिच्या पायात घरातल्या चपला होत्या, बर्फ वितळून चिखल झाला होता. आम्ही एकेका दारावर गेलो. काहींच्या दारांत कागद अजून चटईखाली होता, आईनं तो वाकून उचलला. एका घरी म्हाताऱ्या बाईंनीच दार उघडलं आणि कागद आतून आणून निमूट हातात दिला. आई प्रत्येक दारात एकच वाक्य बोलत होती, सॉरी, यात चूक झाली आहे. मी मागं उभी होते. अजूनही माझी समजूत अशी की व्याकरणाची काही तरी मोठी चूक राहिली असणार.

गाओबाईंचं दार त्यांच्या सुनेनं उघडलं. लिली तिचं नाव. ती हॉस्पिटलात काम करायची आणि बहुधा नुकतीच आली होती, अंगावर अजून निळे कपडे होते, डोळ्यांखाली काळं. तिला वाईट बाई म्हणणं मला कधी जमलं नाही. फार थकलेली होती ती, आणि हात धुण्याचं तिचं वेड तिच्या कामातून आलेलं असणार. आतून कांद्याच्या पातीचा आणि वाफेचा वास येत होता, गाओबाईंनी मोमोसारखं काही तरी उकडायला ठेवलं होतं. लिलीच्या हातात तो कागद होता. ती अगदी सभ्यपणे इंग्रजीत म्हणाली की स्वाध्याय चांगला आहे, चौथं वाक्य माझ्या सासूबाईंनी लिहिलं का?

आई म्हणाली, नाही, सगळी वाक्यं मी रचली आहेत. खऱ्या वाक्यांचा हट्ट धरणारी माझी आई, आणि तिला खोटं अजिबात बोलता येत नव्हतं. तिचा चेहराच पडला. लिली बाजूला झाली. मागं गाओबाई उभ्या होत्या, हातात झारा, त्यांच्या पायाशी सहा वर्षांचा केविन. त्यांनी सुनेच्या हातून कागद घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि चौथं वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. मग सुनेकडे बघून इंग्रजीत बोलल्या, चिनीत नाही. बहुधा आम्हालाही कळावं म्हणून.

"माइन," त्या म्हणाल्या. "बट नॉट हेट. आय रोट रिझेंट."

लिलीनं मुलाला आत पाठवलं. ती म्हणाली की मला फरक कळत नाही. आई पुढं सरसावून सांगायला लागली, जिना, पायऱ्या, आपलं माणूस, पण फळ्यासमोर जे इतकं स्वच्छ होतं ते त्या दारात सांगताच येईना. लिली शेवटपर्यंत ऐकत उभी राहिली. मग 'थँक यू' म्हणून तिनं हळूच दार लावलं. मी तेव्हाही सांगितलं नाही की तो शब्द मी बदलला. तो सांगण्याचा क्षण तोच होता, दार बंद व्हायच्या आधीचा.

घरी आल्यावर मी आईला सांगितलं. ती खुर्चीत बसली आणि पायांतल्या ओल्या चपलांकडे बघत राहिली. बाबांनी तोवर टेबलावरचं पान वाचलेलं होतं. त्यांनी ते चार घड्या करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि मला म्हणाले, जेवून घे. बाबांच्या आवाजात काही तरी असं होतं की मी पहिल्यांदा मोजलं. शनिवारी वर्गाला आठजणी आल्या होत्या. पानावर वाक्यं नऊ होती. मी माझ्या खोलीत गेले, डब्यातल्या मूळ चिठ्ठ्या गादीवर पसरल्या आणि सातवी काढली. छापील अक्षरं, कुणाचीही असू शकतील अशी. वाचताना मला माझाच आवाज ऐकू आला, ताटातून मान वर न करता बोललेला. बाबांना एका वाचनात कळलं होतं. मी ते वाक्य टाइप केलं होतं, त्याचा स्वल्पविरामही सुधारला होता, आणि मला कळलं नव्हतं. त्या दिवसापर्यंत आईला माझ्याबद्दल काही वाईट वाटू शकतं ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती. लाज वाटली, आणि लाजेच्या आधी, हेही लिहिलंच पाहिजे, तिचा राग आला.

गाओबाई तीन आठवड्यांनी परत गेल्या. अजून वर्षभर राहायच्या होत्या. मुलानं तिकीट बदलून घेतलं आणि केविनला पाळणाघरात घातलं. जाण्याआधी त्या मला एकदाच भेटल्या, कपडे धुण्याच्या खोलीत, केविनच्या पँटी घडी करत होत्या. मी सॉरी म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी काम थांबवलं नाही. फक्त विचारलं की तुला हेट का हवा होता. मी म्हणाले, त्या पायरीसमोर जागा रिकामी दिसत होती. त्यांनी मान हलवली. उत्तर चुकलेल्या मुलाची वही बघताना बाईंना चूक नेमकी कुठं झाली ते सापडतं, तशी ती मान होती. मग त्यांनी घड्यांचा गठ्ठा उचलला आणि गेल्या. मुलगा नि सून त्यांना पुन्हा कधी घेऊन आले नाहीत. लिली पार्किंगमध्ये दिसली की आईला नमस्कारासारखी मान झुकवायची, आणि आईही.

वर्गाला पुढच्या शनिवारी चौघी आल्या, त्याच्या पुढच्या शनिवारी दोघी. कुणी भांडलं नाही, कुणी कारण सांगितलं नाही. चिठ्ठ्या लिहायला कुणी तयार होईना, आणि चिठ्ठ्यांशिवाय आईला शिकवता येईना. मार्चअखेर तिनं वाचनालयाला कळवलं की खोली नको. त्यानंतरच्या शनिवारी सकाळी मी उठून बाहेर आले तेव्हा ती जेवणाच्या टेबलाशी बसून कॉलेजाला पत्र लिहीत होती. बाबा भाजी आणायला गेले होते. हिटर टकटक करत होता. ती राजीनामा लिहिते आहे हे मला लांबूनच कळलं, कारण ओळी तीन-चारच होत्या. मी समोरची खुर्ची ओढून बसले. सात नंबरच्या चिठ्ठीबद्दल आम्ही एक अक्षर बोललो नव्हतो, पण ती मी वाचली आहे हे तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे मला. मी मराठीत बोलले. खूप दिवसांनी बोलत असल्यामुळे वाक्य जरा अडखळलं.

"आई, आपण जाऊ. मी येते तुझ्याबरोबर."

तिनं पेन खाली ठेवलं. माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मला खिडकीकडे बघावं लागलं.

"तू आलीस तर वर्षभरात मनात तेच धरशील, मनू. माझ्याबद्दल. मग आपण दोघी एका घरात तेच घेऊन बसणार. नको. एक जण पुरे."

मी हट्ट करायला हवा होता. नाही, मी खरंच येते, असं दोनदा-तीनदा म्हणायला हवं होतं, निदान रडायला तरी. आई वारली त्याला आता तीन वर्षं झाली, आणि आमच्यात पुढं चाळीसएक वर्षं चांगलंच चाललं, सणवार, फोन, माझी बाळंतपणं, सगळं. तिनं मला कधी बोल लावला नाही. पण त्या सकाळी तिचं वाक्य संपलं तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. छातीतला श्वास आपोआप बाहेर पडला, खांदे खाली आले, आणि ते मला लपवता आलं नाही. आईनं ते पाहिलं. मग तिनं पेन उचललं आणि खाली सही केली.